दाराशी थांबलेली पावलं

“हाच! हाच आपला खुनी!” असं दिग्दर्शक काचेपलीकडून ओरडला, तेव्हा पाऊलबाई खुनी वगैरे कोणी नव्हती. ती पाणी प्यायला निघाली होती. सकाळपासून खुन्याची पावलं वाजवून वाजवून तिच्या पोटऱ्यांचे गोळे झाले होते. जड बूट काढून तिने आपल्या जुन्या सपाता पायांत सरकवल्या आणि फळ्यांच्या पट्टीवरून ती दाराकडे गेली. दार किंचित उघडं होतं. पलीकडे दिग्दर्शक रेकॉर्डिस्टला दबक्या आवाजात म्हणत होता, “उद्या दुसऱ्या कोणाला तरी बोलावून बघायचं का? बाई चांगल्याच आहेत, पण...” त्या ‘पण’पाशी ती थांबली. ठरवून नव्हे, आपोआप. पाण्याची तहान राहिली बाजूला. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेऊन ती पुढचं ऐकायला श्वास रोखून उभी राहिली. माईक चालू आहे हे ती विसरली होती आणि बंद करायला रेकॉर्डिस्ट विसरला होता. पुढचं वाक्य आलंच नाही. आला तो हा आरडाओरडा.

पाऊलबाई हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे, पण ते आता इतकं चिकटलं होतं की खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर ती मागे वळून बघायची नाही. तिचं काम असं, की पडद्यावर कोणी चाललं, बसलं, अंगातला कोट काढला, दाराची कडी सरकवली, की ते ते आवाज मागाहून एका बंद खोलीत, समोर चित्र लावून, आपल्या हातापायांनी करायचे. चित्रीकरणाच्या वेळी सगळे माईक माणसांच्या तोंडाशी धरलेले. पायांची पत्रास कोण ठेवतो? तेव्हा भल्याभल्या नायकांची रुबाबदार चाल ही खरं तर तिची. नायिकांची लगबगही तिचीच. एकदा तर एका म्हाताऱ्या घोड्याचं लंगडणं तिने केलं होतं आणि त्या घोड्याचं फार कौतुक झालं होतं. हे लोकांना सांगितलं की ते आधी हसायचे आणि मग हटकून विचारायचे, “मग ते नट स्वतः चालतात त्याचं काय होतं?” काय होणार, कचऱ्यात जातं.

पण हा चित्रपट म्हणजे नुसता लपवाछपवीचा कारखाना. दारातच फोन काढून घ्यायचे. बाहेर सांगायला चित्रपटाचं एक खोटंच नाव ठेवलेलं, कुठल्याशा कौटुंबिक विनोदी चित्रपटाला शोभेल असं. शिंप्याकडून खुन्याचा काळा कोट लहानमोठ्या सगळ्या मापांत शिवून घेतला होता, म्हणजे खुनी जाडा की बारीक हे त्यालाही कळायला नको. मेकअपवालीने म्हणे सगळ्याच नटांच्या हातांना आळीपाळीने रक्त फासलं होतं आणि शेवटी वैतागून ती म्हणाली होती, “आता माझ्याही हातांना लावा, मीच मारलं असेल!” आणि पाऊलबाईकडे जे चित्र आलं त्यात खुन्याच्या जागी डोक्यापासून टाचेपर्यंत एक करडं ठिगळ होतं. एक लांब बोळ, बोळाच्या टोकाला बंद दार, आणि त्या दाराकडे सरकत जाणारं ठिगळ. आता पायच दिसत नाहीत तर पावलं वाजवायची कशी? तिने विचारलं, “अहो सर, पुरुष आहे की बाई, एवढं तरी सांगा.” दिग्दर्शक तिच्याहून बराच लहान, गोड बोलणारा आणि अडेलतट्टू. “ते सांगितलं ताई, तर तुम्ही ते वाजवाल,” तो म्हणाला. “मला माणूस नकोय. मला भीती हवीय.” म्हणजे आली का पंचाईत. तिने चामड्याचे बूट घातले, तो म्हणाला, हा पोलीस वाटतो. रबरी तळव्यांचे घातले, तर म्हणे हा कुरिअरवाला आहे, आता घंटी वाजवेल. एक पाय फरपटून पाहिला, तर तो हसायलाच लागला. सबंध दिवस असा गेला आणि मग ती पाणी प्यायला निघाली.

आता त्याने ते नको असताना मुद्रित झालेलं चालणं चित्राखाली लावलं आणि तिला खुर्चीवर बसवून ऐकवलं. ठिगळ बोळातून सरकू लागलं. सपातांचा आवाज म्हणजे आवाज तरी काय, फळी किंचित दबते आणि सुटते, बस्स. टाच कुठेच पडत नाही. दार जवळ आलं तशी पावलं आणखी हलकी झाली, अगदी सरावाने, आणि थांबली. मग एक बारीकशी कुरकुर, भार एका पायावरून दुसऱ्या पायावर गेल्याची. मग काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’मध्ये कोणीतरी श्वास धरून उभं आहे हे इतकं स्वच्छ कळत होतं की पाऊलबाईच्या मानेवर काटा आला. आपलाच आवाज ऐकून आपल्यालाच काटा. “बघितलंत?” दिग्दर्शक हात चोळत म्हणाला. “चालण्यात काही नाहीये. थांबण्यात आहे. दाराशी आलेला माणूस आत येतो, नाहीतर परत जातो. हा दोन्ही करत नाही. आत काय चाललंय ते याला ठाऊक आहे आणि तरी हा नुसता उभा राहतो. ताई, हे तुम्हाला सुचलं कसं?” ती म्हणाली, “सुचलं कुठे, तहान लागली होती.” रेकॉर्डिस्ट इतक्या वर्षांचा सोबती, तोंडावर हात ठेवून खोकला आणि म्हणाला, “बाई, खुनी कोण ते आता फक्त तुम्हालाच माहीत हो.” सगळे हसले. तीही हसली. मग दिग्दर्शकाने सांगितलं, तसंच अजून एकदा करा, जरा जास्त लांबीचं हवंय. आणि ते काही केल्या येईना. सपाता त्याच, फळ्या त्याच, दार तेच, पण आता ती दाराशी थांबायची तेव्हा नाटकातल्या बाईसारखी थांबायची. चार-सहा वेळा केल्यावर तो म्हणाला, “राहू द्या. तेच घेऊ. पाणी प्यायला निघालेलंच खरं आहे.”

खरं आहे म्हणे. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तो शब्द तिला टोचायला लागला. संध्याकाळची गर्दी उतरत होती, चढत होती, आणि सवयीने तिचं लक्ष पायांकडे. हा टाच घासतो, ही घाईत आहे पण दाखवत नाही, हा नवे बूट चावतात म्हणून बोटांवर चालतो. दुसऱ्यांच्या चालींची एवढी मोठी शिदोरी जमवली आणि स्वतःची चाल कधी ऐकलीच नाही, असं कसं झालं? म्हणजे ती ऐकू यायचीच नाही म्हणा. ते तर तिचं कसब. काकांच्या घरी लहानाची मोठी झाली तेव्हापासूनचं. आईबाप गेल्यावर काकांनी नेलं, वागवलंही बरं, मारझोड नाही, उपाशी ठेवणं नाही. फक्त स्वयंपाकघराचं दार लोटून काका-काकू हळू बोलू लागले की तिला कळायचं, विषय आपला आहे. ठेवायची की वसतिगृहात घालायची. शाळेतून आली की ती आधी त्या दाराशी उभी राहायची, आतला रागरंग ऐकायची आणि मग काय तो चेहरा लावून आत जायची. काकू दचकायची. “अगं बाई! कधी येऊन उभी राहिलीस? या पोरीला पाय आहेत की नाहीत!” ते तेव्हा कौतुकासारखं वाटायचं. बिनपायांची पोर कोणाला जड होत नाही, जागा अडवत नाही. पुढे या कामात पडल्यावर तर त्याचं सोनंच झालं. स्वतःचा आवाज पुसता आल्याशिवाय दुसऱ्याचा काढता येत नाही, असं ती नव्या मुलींना शिकवायची आणि मुली माना डोलवायच्या.

नवऱ्याने मान डोलवली नव्हती. तो मोठमोठ्याने बोलणारा, जिना दणाणत चढणारा माणूस, आणि लग्नानंतर वर्षभरात तो घरात कुजबुजायला लागला. “तुझ्याबरोबर राहणं म्हणजे टेपरेकॉर्डरबरोबर राहणं आहे,” असं तो एकदा म्हणाला होता. तिला ते विनोदी वाटलं होतं आणि ती ते चारचौघांत सांगायचीसुद्धा. मग एका दुपारी ती बाहेरून आली आणि आतल्या खोलीत तो फोनवर कोणाला तरी म्हणत होता, “मी इथे राहू शकत नाही, पण तिला सांगायचं कसं?” ती दाराबाहेर उभी होती. आत जाऊन म्हणायचं होतं, मला सांग ना, हे काय, मी इथेच आहे. पण आत गेलं तर आधी हे निघणार, की तू बाहेर उभी होतीस. म्हणून ती तशीच मागे फिरली, खाली उतरली, कोपऱ्यावर उगाचच एक फेरी मारून किल्ल्या वाजवत परत आली आणि म्हणाली, “चहा ठेवू का?” तो हो म्हणाला. त्यानंतर दोन महिने तो चहा पीत राहिला आणि ती, सगळं माहीत असलेली, तो सांगेल म्हणून वाट बघत राहिली. त्याने सांगितलं नाहीच. सुटकेस घेऊन गेला. लोक म्हणाले, बिचारीला काही कल्पनाच नव्हती. बिचारीने त्यांना तसंच म्हणू दिलं.

बस एका सिग्नलला उगाच थांबून राहिली आणि तिचा जीव खालीवर होऊ लागला. कारण आता हे पुन्हा चाललं होतं. तसंच, त्याच घरात, दुसऱ्या दारामागे. तिची एकुलती एक लेक, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत काम करणारी, बापासारखी मोकळ्या गळ्याची. तिला दूरच्या एका शहरातून बोलावणं आलं होतं. मोठं काम, मोठी माणसं, आणि वर्षानुवर्षांचं लांब जाणं. पाऊलबाईला ते ठाऊक होतं, कारण गेले कित्येक दिवस संध्याकाळी लेक आपल्या खोलीत फोनवर मैत्रिणीशी बोलायची आणि पाऊलबाई हातातला टॉवेल किंवा चहाचा कप घेऊन बाहेर उभी असायची. “जावंसं तर फार वाटतं गं.” “आई एकटी पडेल.” “मला नाही म्हणता येत आणि हो म्हणता येत नाही.” आणि काल, अगदी दारापाशी येऊन बोलल्यासारखं स्वच्छ, “तिने एकदा नुसतं विचारलं ना, काय चाललंय तुझं म्हणून, तर मी सगळं सांगून टाकेन.” हे ऐकून पाऊलबाईचा हात वर गेला होता. दारावर टकटक करायला बोटं मिटली होती. पण विचारायचं म्हणजे कुठल्या तोंडाने? कशावरून विचारतेस, असं ती म्हणाली तर? आपण होऊन सांगेल की, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि टॉवेल जागेवर ठेवला. लेकीने जावं की राहावं, हा तिचा प्रश्नच नव्हता. जा म्हणायला ती मनातून कधीच तयार झाली होती, रडत का होईना. फक्त लेकीने सांगून जावं. सुटकेस उचलून नव्हे, तोंडाने सांगून. एवढं एक मागणं, आणि तेही मागता येत नव्हतं.

आणि आज त्या दिग्दर्शकाने काचेमागून ओरडून सांगितलं होतं, की हे उभं राहणं बाहेरून कसं ऐकू येतं. आपण समजत होतो, आपण माया करत उभ्या आहोत. आपण समजत होतो, आपण वाट बघतोय. आणि दाराच्या आतल्या बाजूला जो कोणी असेल त्याला मात्र... छे, पण आतल्यांना ऐकू येतच नाही ना! माईक होता म्हणून आलं. माईक नाकापाशी धरला तर मुंगीही हत्ती होते. काकू दचकायची ती कळायचं नाही म्हणूनच. तिने स्वतःला असं बजावलं, पण त्याने काही बरं वाटेना. उलट तिच्या डोळ्यांपुढे तो बोळ आला आणि बोळात ठिगळ सरकू लागलं. ठिगळाच्या हातात टॉवेल होता. तिला एकदम हसू आलं आणि शेजारची बाई जरा सरकून बसली. उतरायच्या थांब्याआधीच ती उतरली आणि उरलेलं अंतर जोरात, टाचा आपटत चालत गेली. लोक बघत होते. बघेनात का. आज घरात शिरायचं ते वाजतगाजत, एवढं तिने ठरवलं.

तिने जिन्यात पाय आपटले. किल्ली कुलपात नको इतकी फिरवली, दार भिंतीवर आदळू दिलं, पिशवी धाडकन टेबलावर ठेवली आणि “आले गं मी!” असं इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्यांचा रेडिओ कोणीतरी लहान केला. लेकीच्या खोलीचं दार नेहमीसारखं लोटलेलं होतं, खालून उजेडाची पट्टी येत होती. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. पाऊलबाई बोळातून निघाली, धप् धप्, एखाद्या हवालदारासारखी, आणि चालता चालता तिच्या लक्षात आलं की हे साफ खोटं वाजतंय. दिग्दर्शकाने एका क्षणात बाद केलं असतं. दारापाशी आल्यावर पाय आपसूक थांबले. धपधप जिथे संपली तिथे ते जुनं थांबणं तसंच शिल्लक होतं, जसंच्या तसं. श्वाससुद्धा धरला गेला.

आतून खुर्ची सरकली आणि दार उघडलं. लेक केस वर बांधून, पेन्सिल कानामागे खोचून उभी होती. तिने आईकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं.

“काय झालं? पडलीस का कुठे?”

“पडेन कशाला?”

“मग एवढी आदळआपट?”

“तुला ऐकू यावं म्हणून,” पाऊलबाई म्हणाली. तोंडातून खरंच निघून गेलं. “मी येतेय ते. म्हणजे तू दचकू नयेस.”

लेक अगदी साध्या आवाजात म्हणाली, “मी कधी दचकते? मला नेहमीच ऐकू येतं आई. लहानपणापासून. तू त्या कपाटापाशी आलीस की एक फरशी वाजते, आणि मग तू थांबतेस. बाबा असतानाही थांबायचीस. मी अंथरुणात पडून ऐकायचे.”

पाऊलबाईने भिंतीला हात टेकला. म्हणजे सगळ्यांना. म्हणजे त्या दुपारी फोनवर बोलणाऱ्या नवऱ्यालाही. तिला काहीतरी विनोदी बोलायचं होतं, टेपरेकॉर्डरबद्दल, पाय नसलेल्या पोरीबद्दल, पण त्यातलं काही ओठांवर येईना. ती एवढंच म्हणाली, “मग बोलत कशी राहायचीस? फोनवर? मी बाहेर आहे हे माहीत असताना?”

लेकीने कानामागची पेन्सिल काढली, हातात फिरवली आणि मान खाली घातली.

“पहिल्या दिवशी मैत्रीण होती,” ती म्हणाली. “त्यानंतर फोनवर कोणी नव्हतं, आई.”

बोळात दोघीच उभ्या. शेजारचा रेडिओ हळूहळू परत मोठा होत होता. पाऊलबाईच्या कानात ती सगळी वाक्यं एकामागून एक परत आली, आई एकटी पडेल, जावंसं फार वाटतं, तिने एकदा नुसतं विचारलं ना. प्रत्येक वाक्य दारापाशी येऊन, तिच्या तोंडाकडे बघून म्हटलेलं. पोरगी रोज संध्याकाळी बंद फोन कानाला लावून आईला हाका मारत होती. आणि आई बाहेर टॉवेल घेऊन उभी होती, ती आपण होऊन सांगेल म्हणून. मूर्ख बाई. अगं मूर्ख बाई. विचारायला लागतं तरी काय, दोन शब्द. ते दोन शब्द आता तिच्या छातीपासून निघाले ते वाटेत कुठेतरी अडकले. मग बाहेर पडले ते फार मोठ्याने, भांडल्यासारखे.

“जाणार आहेस?”

“हो,” लेक म्हणाली. “आज शेवटचा दिवस होता कळवायचा. दुपारी कळवलं. तुझी वाट बघितली गं मी. काल तर मी इतकी ओरडून बोलत होते की घसा बसला.” आणि ती हसायला गेली, पण तिचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा वेडावाकडा झाला आणि ती दारातच रडायला लागली, पेन्सिल हातात तशीच धरून.

तिला जवळ घ्यायला पाऊलबाई आत गेली. आपली पावलं वाजली की नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.